विक्रम तिचा, स्पर्धा त्यांची



आजच्या भागाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, बेंगळुरूत बसून हा माणूस बर्फाच्या गप्पा कशाला मारतोय? इथे डिसेंबरात स्वेटर बाहेर निघतो, तोही पहाटेपुरता. पण बर्फाचं आणि कर्नाटकाचं नातं वाटतं तितकं लांबचं नाही. गुलमर्गला आपल्या सेनेचं स्की प्रशिक्षण १९४८ मध्ये सुरू झालं ते थिमय्या साहेबांच्या पुढाकाराने. पुढे सेनाप्रमुख झालेले हे जनरल के. एस. थिमय्या मूळचे कोडगूचे, मडिकेरीचे. आज क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये भारताकडून उतरणारी भवानी ही मुलगीही कोडगूचीच. कॉफीच्या मळ्यांतली माणसं बर्फात जाऊन नाव काढतात, तेव्हा आपण बर्फाविषयी बोलायला हरकत नाही.

मात्र आजची गोष्ट साध्या स्कीइंगची नाही, स्की जंपिंगची आहे. हा खेळ आपल्याकडे रुजलेला नाही. त्यामुळे ज्या खेळाडूविषयी मी बोलणार आहे तिचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. लिंडसे व्हॅन. अमेरिकेची. इथे एक खुलासा आधीच करतो. लिंडसे वॉन नावाची दुसरी एक खूप प्रसिद्ध अमेरिकन स्कीपटू आहे. ती उतारावरून वेगाने खाली येणाऱ्या शर्यतींची राणी, आणि २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये तिने सुवर्णपदक जिंकलं. आपली लिंडसे व्हॅन वेगळी. त्याच व्हँकुव्हर ऑलिम्पिकच्या वेळी ती आपल्या खेळाची जगज्जेती होती, आणि तिला स्पर्धेत पाऊलही ठेवता आलं नाही. ती हरली नव्हती, जखमी नव्हती, कुठल्या औषधाच्या चाचणीत सापडली नव्हती. स्त्रियांसाठी तो खेळ ऑलिम्पिकमध्ये ठेवलेलाच नव्हता.

हे कसं घडलं, ते समजायला आधी खेळ समजून घेऊ.

डोंगराच्या उतारावर एक उंच मनोरा असतो. वर एका आडव्या दांडीवर खेळाडू बसतो. हिरवा दिवा लागला की दांडी सोडायची आणि बर्फात कोरलेल्या दोन खाचांतून खाली घसरायचं. वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास जातो. खाचा जिथे संपतात त्या काठावर नेमक्या क्षणी पाय ताठ करून स्वतःला पुढे झोकून द्यायचं. क्षणाचा उशीर झाला तरी उडी फसते. मग हवेत अंग जवळजवळ आडवं, दोन्ही स्की पुढच्या बाजूला फाकलेल्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. ही पद्धत १९८०च्या दशकात स्वीडनच्या यान बोकलोव्हने आणली. पंच आधी त्याचे गुण कापायचे, नंतर सगळं जग तसंच उडू लागलं. हवेचा दाब खालून उचलतो आणि माणूस काही सेकंद खरोखर तरंगतो. उतरल्यावर अंतराचे गुण मिळतात आणि शैलीचेही. शैलीला पाच पंच असतात. त्यांतला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण सोडून उरलेल्या तिघांचे धरतात.

आता यातली मेख लक्षात घ्या. या खेळात दंडाची ताकद दुय्यम आहे. हलकं शरीर, पायांतली झटक्याची ताकद, वेळेचं भान आणि शांत डोकं, एवढं भांडवल लागतं. म्हणजे स्त्री आणि पुरुष यांच्यातलं अंतर जिथे कमीत कमी असावं, अशा खेळांपैकी हा एक. आणि नेमका याच खेळाने स्त्रियांना फार काळ बाहेर ठेवलं.

या खेळाची पहिली नोंद एका फौजी माणसाच्या नावावर आहे, हे सांगताना मला जरा बरं वाटतं. १८०८ मध्ये ओले री नावाच्या लेफ्टनंटने नॉर्वेत आपल्या सैनिकांसमोर सुमारे साडेनऊ मीटरची उडी मारली होती. पुढे १८६२ मध्ये नॉर्वेतल्याच त्रिसिल गावी जाहीर स्पर्धा झाली. स्की जंपिंगच्या सुरुवातीच्या नोंदलेल्या स्पर्धांपैकी ही एक, आणि तिथेच इंग्रिड ओल्सडाटर वेस्टबी या मुलीनेही उडी मारल्याची नोंद आहे. म्हणजे हा पुरुषांचा खेळ होता आणि बायका मागून त्यात शिरल्या, असं नाही. खेळाच्या बाळपणापासून त्या तिथे होत्या.

१९११ मध्ये ऑस्ट्रियात कित्झब्यूल इथे पाउला लाम्बर्ग या उमराव घराण्यातल्या बाईंनी लांब झगा घालून २२ मीटर उडी मारली. १९३०च्या दशकात नॉर्वेची योहाने कोलस्ताद अमेरिकेत जाऊन उड्या मारत होती, आणि १९३८ मध्ये तिने ७२ मीटर गाठले. पण हे सगळं प्रदर्शन म्हणून. लोक टाळ्या वाजवत, वर्तमानपत्रं फोटो छापत, आणि स्पर्धा सुरू झाली की बाईने कडेला उभं राहायचं. १९२४ मध्ये फ्रान्सच्या शामोनी गावी पहिलं हिवाळी ऑलिम्पिक झालं. त्यात पुरुषांचं स्की जंपिंग पहिल्या दिवसापासून होतं. स्त्रियांना त्यानंतर ९० वर्षं थांबावं लागलं.

लिंडसे व्हॅनचा जन्म १९८४ चा. ती वाढली यूटा राज्यातल्या पार्क सिटी या डोंगरी गावात. सातव्या वर्षी तिने उड्या मारायला सुरुवात केली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकसाठी पार्क सिटीत मोठमोठ्या उड्यांच्या टेकड्या उभ्या राहिल्या. घराजवळ जागतिक दर्जाची टेकडी, शिकवायला प्रशिक्षक आणि अंगात वेड. मुलग्याला याहून जास्त काही लागलं नसतं. मुलींना मात्र पैसाही स्वतः उभा करावा लागला. पार्क सिटीतले पालक एकत्र आले, सॉल्ट लेक सिटीच्या माजी महापौर डीडी कोराडिनी पुढे झाल्या, आणि या मुलींसाठी स्वतंत्र संस्था चालवली गेली. २००४-०५ च्या हंगामात स्त्रियांसाठी कॉन्टिनेंटल कप ही आंतरराष्ट्रीय मालिका सुरू झाली आणि व्हॅन तिथे सतत वरच्या क्रमांकांत दिसू लागली.

त्याच सुमारास, २००५ मध्ये, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष जान फ्रांको कास्पर यांनी एका रेडिओ मुलाखतीत एक विधान केलं, ते पुढे जगभर गाजलं. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की हा खेळ म्हणजे वर्षातून हजारदा दोन मीटर उंचीवरून जमिनीवर उडी मारण्यासारखा आहे, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते स्त्रियांना योग्य दिसत नाही. गर्भाशयाला इजा होईल ही भीती तर त्याआधी कित्येक दशकं घातली जात होती. व्हॅनसारख्या मुलींना लोक तोंडावर ते विचारत.

इथे मी एक फौजी म्हणून दोन शब्द बोलतो. स्की जंपर सपाट जमिनीवर आदळत नाही. तो तीव्र उतारावर, उताराच्याच दिशेने उतरतो, म्हणून धक्क्याचा बराच भाग पुढच्या घसरणीत निघून जातो. पॅराशूटने उतरणाऱ्याला ही सोय नसते. तो बहुधा सपाट जमिनीवर येतो, तोही पाठीवर ओझं घेऊन. आणि आपल्या हवाई दलातल्या डॉक्टर, फ्लाइट लेफ्टनंट गीता चंदा यांनी १९५९ मध्ये विमानातून पॅराशूट उडी घेतली होती. कास्पर साहेबांच्या मुलाखतीच्या ४६ वर्षं आधी. मुद्दा एवढाच, की वैद्यकीय म्हणून जे सांगितलं जातं ते दरवेळी तपासणीतून आलेलं असतंच असं नाही. पुष्कळदा ते सवयीतून आलेलं असतं, आणि त्यावर डॉक्टरचा पांढरा कोट चढवलेला असतो.

२००६ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१० साठी स्त्रियांचं स्की जंपिंग नाकारलं. समितीचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडायला हवं. ते असं, की प्रश्न स्त्री-पुरुषाचा नाही, तांत्रिक आहे. खेळाडू कमी आहेत, देश कमी आहेत, या प्रकाराच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पुरेशा झालेल्या नाहीत. पुढे समितीचे अध्यक्ष जॅक रोग यांनी पदकांचं मोल पातळ होऊ नये, अशा अर्थाचंही बोलून दाखवलं.

वरवर पाहता म्हणणं वाजवी आहे. पण इतिहासाची पानं उलटा. पुरुषांचं स्की जंपिंग ऑलिम्पिकमध्ये आलं १९२४ ला. नॉर्डिक प्रकारांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्हणून जी धरली जाते, ती झाली १९२५ ला. म्हणजे पुरुष ऑलिम्पिकमध्ये शिरले तेव्हा त्यांच्याकडेही जागतिक स्पर्धांची पुंजी नव्हती. ती अट त्यांना कुणी घातलीच नव्हती. दार उघडं होतं म्हणून ते आत गेले, आत गेले म्हणून देशोदेशी टेकड्या बांधल्या गेल्या, पैसा आला, मुलगे उड्या मारू लागले आणि संख्या वाढली. स्त्रियांना मात्र सांगितलं गेलं, आधी संख्या दाखवा, मग दार उघडू. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, आणि पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. असा हा हुकूम.

मुली कोर्टात गेल्या. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेचा आधार घेऊन, व्हँकुव्हरच्या आयोजन समितीविरुद्ध, वेगवेगळ्या देशांतल्या शेवटी पंधरा जणी. व्हॅन त्यांतली एक. ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती लॉरी अ‍ॅन फेनलन यांनी १० जुलै २००९ रोजी निकाल दिला. हा निकाल मुळातून समजून घेण्यासारखा आहे. न्यायमूर्तींनी मान्य केलं की या मुलींच्या बाबतीत भेदभाव होतो आहे. पण कार्यक्रम ठरवण्याचा अधिकार आयोजन समितीचा नाही, तो आंतरराष्ट्रीय समितीचा, आणि तिच्यावर कॅनडाचा कायदा चालत नाही, म्हणून दाद देता येत नाही. अन्याय आहे, इलाज नाही. पुढच्या अपिलांतही काही हाती लागलं नाही.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, म्हणजे निकालाच्या पाच महिने आधी, चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स शहरी स्त्रियांसाठी पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली होती. २० फेब्रुवारी २००९. लिंडसे व्हॅन पहिली आली, जर्मनीची उलरिके ग्रेस्लर दुसरी, नॉर्वेची अनेटे सागेन तिसरी. स्त्रियांच्या स्की जंपिंगची इतिहासातली पहिली जगज्जेती म्हणून व्हॅनचं नाव कायमचं कोरलं गेलं.

आणखी एक गोष्ट. व्हँकुव्हर ऑलिम्पिकसाठी व्हिसलरला जी लहान टेकडी बांधली होती, तिच्यावरच्या सर्वात लांब उडीचा विक्रम खेळ सुरू होण्याआधी कुणाच्या नावावर होता? लिंडसे व्हॅनच्या. १०५.५ मीटर. फक्त स्त्रियांतला नाही, तोवर तिथे उडालेल्या सगळ्या पुरुषांसकट. २०१० च्या फेब्रुवारीत त्या टेकडीवर पुरुषांची स्पर्धा झाली, स्वित्झर्लंडचा सिमोन आमान जिंकला आणि १०८ मीटर उडून त्याने तो आकडा मागे टाकला. आमान फार मोठा खेळाडू, त्याच्या कर्तबगारीविषयी वादच नाही. पण ज्या टेकडीवरचा विक्रम तिचा, त्या टेकडीवरच्या स्पर्धेत ती प्रेक्षक.

हे पटायला इतकं लांब जायची गरज नाही. आपली पी. टी. उषा १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एक शतांश सेकंदाने कांस्यपदक हुकली, हे प्रत्येक भारतीयाला पाठ आहे. पण स्त्रियांसाठी ती शर्यत ऑलिम्पिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा आली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चार वर्षं आधी उषाला ती धावताच आली नसती. आपल्या साताऱ्याकडची, माणदेशातली ललिता बाबर घ्या. २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. पुरुषांची स्टीपलचेस ऑलिम्पिकमध्ये १९०० पासून आहे, स्त्रियांची आली २००८ ला. माणच्या दुष्काळी रस्त्यांवर ललिताच्या आधीच्या पिढीतही पळणाऱ्या पोरी असतील. त्यांच्यासाठी ही शर्यतच नव्हती. आपण मात्र म्हणत राहिलो, आपल्याकडे तशा मुलीच नाहीत.

आणि माझ्या स्वतःच्या घराचं, म्हणजे सेनेचं काय? वैद्यकीय आणि परिचारिका सेवा सोडून इतर शाखांत स्त्रिया अधिकारी म्हणून आल्या १९९२ पासून, त्याही ठराविक वर्षांसाठी. कायम सेवेचा हक्क नाही. २००३ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. व्हँकुव्हरचं ऑलिम्पिक संपलं २८ फेब्रुवारी २०१० ला, आणि १२ मार्च २०१० ला उच्च न्यायालयाने या अधिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १७ फेब्रुवारी २०२० ला. पहिल्या पायरीपासून १७ वर्षं. त्या खटल्यात स्त्रियांच्या शरीरमानाचा मुद्दा निघाला, घरच्या जबाबदाऱ्यांचा निघाला, खेड्यापाड्यांतून आलेले जवान बाईचा हुकूम मानतील का, हाही निघाला. न्यायालयाने हे युक्तिवाद ठरीव साच्यातले म्हणून फेटाळले. मेसमध्ये जेवणानंतरच्या गप्पांत हेच मुद्दे मी कितीदा ऐकले असतील, त्याची गणती नाही. बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. आपण बाईची काळजी घेतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटत होतं. कास्पर साहेबांनाही बहुधा तसंच वाटत असेल. काळजीच्या नावाने दार लावलं की लावणाऱ्याला अपराधी वाटत नाही, हीच त्यातली अडचण.

३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ मुली संचलन करत बाहेर पडल्या. पण १९९२ च्या तुकडीतल्या कित्येक जणी २०२० चा निकाल येईपर्यंत गणवेश उतरवून घरी गेल्या होत्या. मार्ग त्यांनी पाडला, चालल्या दुसऱ्या.

लिंडसे व्हॅनचंही असंच झालं. ६ एप्रिल २०११ ला ऑलिम्पिक समितीने रशियातल्या सोची ऑलिम्पिकसाठी स्त्रियांचं स्की जंपिंग मंजूर केलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्त्रियांसाठी वर्ल्ड कप सुरू झाला. पहिली स्पर्धा जिंकली सारा हेंड्रिक्सनने. तीही पार्क सिटीचीच, व्हॅनपेक्षा दहा वर्षांनी लहान, तिच्याकडे बघत मोठी झालेली. मधल्या काळात व्हॅनने एका अनोळखी रुग्णाला अस्थिमज्जा दान केली. खेळाडूच्या दृष्टीने शरीराशी असा खेळ करणं सोपं नसतं. तिने ते केलं.

११ फेब्रुवारी २०१४. सोची. तीस जणी. ऑलिम्पिकच्या इतिहासात पहिली उडी मारणारी स्त्री ठरली सारा हेंड्रिक्सन, गुडघ्याच्या दुखापतीतून नुकती उठलेली. सुवर्ण मिळालं जर्मनीच्या कारिना फोग्टला, जिने तोवर एकही वर्ल्ड कप स्पर्धा जिंकलेली नव्हती. त्या काळी वर्ल्ड कपमध्ये सगळ्यांना मागे टाकणारी जपानची सारा ताकानाशी चौथी आली. लिंडसे व्हॅन पंधरावी. ती तेव्हा २९ वर्षांची होती. पुढच्या वर्षी ती निवृत्त झाली.

पंधरावी. नुसता निकालपत्रक वाचणारा म्हणेल, सामान्य खेळाडू. म्हणून निकालपत्रक वाचताना तारीखही वाचावी. २४व्या-२५व्या वर्षी जी जगात पहिली होती, तिला ऑलिम्पिकची टेकडी मिळाली पाच वर्षांनी. खेळाडूच्या आयुष्यात पाच वर्षं म्हणजे काय, हे कुठल्याही पैलवानाला विचारा.

तिच्या मागून आलेल्यांनी काय केलं, तेही पाहू. १४ मार्च २०२५ ला नॉर्वेतल्या विकेरसुंद इथे स्लोव्हेनियाच्या निका प्रेव्हत्सने २३६ मीटर उडी मारली. स्त्रियांमधला जागतिक विक्रम. त्याच महिन्याच्या ३० तारखेला प्लानित्सा इथे तिचा सख्खा भाऊ डोमेन प्रेव्हत्स २५४.५ मीटर उडाला आणि पुरुषांचा विक्रम त्याच्या नावावर गेला. एका घरातली दोन भावंडं. अशा महाकाय टेकड्यांवरच्या स्पर्धेचं दार स्त्रियांना उघडलं होतं अवघं दोन वर्षं आधी, २०२३ मध्ये. मोठ्या टेकडीवरची स्त्रियांची वैयक्तिक स्पर्धा ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात आली ती २०२६ साठी. आणि स्की जंपिंग व क्रॉस-कंट्री एकत्र करणाऱ्या नॉर्डिक कम्बाइन्ड या प्रकारात २०२६ च्या कार्यक्रमातही स्त्रियांना जागा नाही. कारण विचाराल तर तेच, खेळाडू कमी, देश कमी.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावच्या तालमीत, शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या क्रिकेटमध्ये कुणी सांगेल की मुलींची संख्याच नाही, म्हणून त्यांची स्पर्धा ठेवत नाही. त्याला शांतपणे एकच विचारा. मुलांची पहिली स्पर्धा ठेवली, तेव्हा किती मुलं होती? बहुतेक वेळा उत्तर मिळणार नाही. पण पुढच्या वर्षीच्या पत्रकावर मुलींचा एक गट वाढलेला दिसेल. पहिल्या वर्षी त्यात चौघीच आल्या तरी स्पर्धा घ्या. पाचवी त्या चौघींना बघूनच येणार आहे.

पुढच्या भागात भेटू.